सगळ्या कामांच्या सायक्लोक्रॉसला पुढचा चिमटा कशाचा घ्यावा

नागपुरात सायक्लोक्रॉस (चिखल-मातीच्या शर्यतींसाठी बनलेली, वळलेल्या हँडलची सायकल) घेणारा माणूस बहुतेक शर्यतीसाठी घेत नाही. त्याला सकाळी हिंगण्याच्या एमआयडीसीत ड्युटीवर जायचं असतं, संध्याकाळी फुटाळ्याला चक्कर मारायची असते, रविवारी रामटेक गाठायचं असतं आणि पावसाळा सरला की गोरेवाड्याकडच्या कच्च्या रस्त्यावर धूळ खायची असते. सगळं एकाच सायकलवर. म्हणून दुकानात गेल्या गेल्या ‘कार्बन (कार्बन फायबर) आहे का?’ विचारू नका. आधी ब्रेक कोणता ते बघा, मग मडगार्ड आणि कॅरिअरची भोकं आहेत का ते बघा. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा फोर्क, कशाचा, हा त्यानंतरचा प्रश्न.

मी कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासतो, त्यामुळे माझा कल स्टीलकडे. तेवढं वजा करून पुढचं वाचा.

जुनी सायक्लोक्रॉस असेल तर कॅन्टिलिव्हर ब्रेक (रिमवर दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा) असणार. त्याची केबल हेडसेटच्या (हँडलखालच्या बेअरिंगच्या) वर लावलेल्या हँगरमधून, म्हणजे केबल धरणाऱ्या पट्टीतून, खाली येते. ब्रेक दाबला की चिमटा किंचित मागे वाकतो, हँगर आणि ब्रेकमधलं अंतर वाढतं, केबल आपोआप ताणली जाते आणि ब्रेक आणखी आवळतो. मग रबर घसरतं, चिमटा पुढे येतो, पुन्हा तेच. सेमिनरी हिल्सच्या उतारावर पुढचं चाक थडथडतं ते यामुळे. लवचीक कार्बन चिमट्यांत ही तक्रार जास्त. स्टीलचेही सुटत नाहीत. यासाठी लगेच चिमटा बदलायची गरज नाही. मुकुटाला (चिमट्याचे दोन पाय वर जिथे एकत्र येतात तिथे) मधोमध भोक असेल तर हँगर तिथे लावा. हँगर आणि ब्रेक दोन्ही चिमट्यावरच राहिले की केबल फारशी ताणली जात नाही. नाहीतर मिनी व्ही-ब्रेक बसवा, त्याला हँगर लागत नाही.

नवीन घेत असाल तर सरळ डिस्क ब्रेक (चाकाच्या मधली चकती आवळणारा) घ्या. पण जुन्या चिमट्याला डिस्कची पट्टी वेल्ड करून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार करून निघा. डिस्कचा सगळा जोर चिमट्याच्या डाव्या पायावर येतो, आणि त्या हिशोबाने तो पाय बनवलेलाच नसतो.

आता चिमटा कशाचा ते. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलचा चिमटा साधारण एक किलोचा, कधी थोडा जास्त. कार्बनचा अर्ध्या किलोच्या आसपास. फरक म्हणजे पाण्याची एक भरलेली बाटली. शर्यतीत सायकल खांद्यावर घेऊन पळणाऱ्याला तो जाणवतो. डबा, पंप, ट्यूब आणि रेनकोट घेऊन निघणाऱ्याला नाही.

स्टीलचा मोठा गुण असा, की ते बहुधा तुटण्याआधी सांगतं. मुकुटाच्या खाली, पाय जिथे जोडला आहे तिथे कापडाने पुसा आणि नख फिरवा. रंगावर केसासारखी आडवी रेघ किंवा बारीक सुरकुती लागली तर चिमटा काढून तपासून घ्या. रेल्वेच्या लगेज डब्यात थोडा वाकला, तर जाणता मिस्त्री तो सरळ करतो. मात्र नळीला चपटा पोचा किंवा घडी पडली असेल तर सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

गंजाची भीती आपल्याकडे कोकणाएवढी नाही, पण पावसात चाकाचं पाणी खालून थेट स्टिअररच्या, म्हणजे मुकुटापासून वर हँडलकडे जाणाऱ्या, नळीत जातं. रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल नळीत ओता, फिरवा, उलटं टांगून निथळू द्या. वाळलं की पातळ पापुद्रा धरतं. आणि भाऊ, त्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतं, त्यात आपला मे महिना! पाण्यात भिजवून मगच टाका.

कार्बन वाईट नाही. सिमेंट रोडच्या सांध्यांवरची टकटक तो थोडी गिळतो, पण ३३ मिमीच्या टायरमधली हवा थोडी कमी केली तर त्याहून जास्त फरक पडतो. आपल्या उन्हाने तो मऊ पडत नाही. त्यातलं रेझिन ४७ अंशांना भीक घालत नाही. त्याला भीती काळ्या मातीची. टायरवर लगदा चढला आणि जागा कमी पडली, तर मातीतले खडे चिमट्याच्या आतल्या बाजू घासत राहतात. म्हणून टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वरही बोटभर जागा हवीच. कार्बनच्या स्टिअररमध्ये स्टार नट (दातेरी नट) ठोकू नका, एक्सपांडर (आतून फुगून पकडणारा) वापरा. स्टेमचे (हँडल स्टिअररला धरणाऱ्या जोडाचे) बोल्ट टॉर्क रेंचनेच (किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने), लिहिलेल्या आकड्यापर्यंत. कंपनीने भोकं दिली नसतील तर पट्ट्या आवळून कॅरिअर बांधू नका. जुना कार्बन चिमटा घेताना तो पूर्ण बाहेर काढून स्टेमखालचा भाग बघू द्या म्हणा. मालक नाही म्हणाला तर सौदा तिथेच संपला.

ॲल्युमिनियमचे पाय असलेला चिमटा मी घेणार नाही. कडक असतो, वाकला तर सरळ करता येत नाही, आणि स्टीलसारखी थकव्याची (वारंवार ताण येऊन चीर पडण्याची) सुरक्षित मर्यादा त्या धातूला नाही. कार्बनचे पाय आणि ॲल्युमिनियमचा स्टिअरर ही जोडी मात्र मला पटते: थोडी जड, पण स्टेम आवळताना कमी नाजूक.

तर ओझं न्यायचं असेल, सायकल ट्रेनमध्ये चढणार असेल, तर डिस्कचा स्टील चिमटा. ओझं नाही, घरात टॉर्क रेंच आहे, तर कार्बन.

मोजमाप विसरू नका. एक्सलपासून मुकुटापर्यंत सायक्लोक्रॉसचा चिमटा साधारण ३९५ मिमी असतो, रोडचा ३७० च्या आसपास. रोडचा बसवला तर पुढचा भाग खाली बसतो, हेड अँगल (स्टिअररचा कोन) एका अंशाहून जास्त उभा होतो, हँडल बुजऱ्या बैलागत वागतं, आणि टायरही अडकतो. जुना चिमटा काढून टेपने मोजा. स्टिअरर सरळ की टेपर्ड (खाली जाड होणारा), एक्सल क्विक रिलीजचा (खटक्याने सुटणारा) की १२ मिमीचा आरपार जाणारा, हेही लिहून न्या. नवा स्टिअरर लगेच कापू देऊ नका. कंपनीने सांगितलेल्या उंचीपर्यंतच स्पेसर (स्टेमखालच्या कड्या) घालून रामटेकला जाऊन या, पाठ काय म्हणते ते बघा, मग कापा.