लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा
आहारशास्त्र शिकायचंय तर कॅलरी मोजण्यापासून सुरुवात नका करू, आपल्याच ताटातलं लोह बघा. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, अळीव यात लोह असतं खरं पण ते वनस्पतीतलं, म्हणजे मटण-माशातल्या लोहापेक्षा अंगाला कमी लागतं, आणि व्हिटॅमिन सी सोबत असेल तर तेच बरंच जास्त शोषलं जातं. म्हणून उसळीवर लिंबू. फक्त ते शिजताना नाही हं, उष्णतेने सी व्हिटॅमिन बरंचसं उडून जातं, ताटात वाढल्यावर पिळायचं. लिंबू नसेल तर पेरूच्या दोन फोडी खा, पेरूत तर सी संत्र्याहूनही जास्त.

आता चहा. पोह्यांसोबत चहा म्हणजे आपला जीव की प्राण, मला कळतंय, पण चहातले टॅनिन, म्हणजे त्याला तुरटपणा देणारे घटक, लोहाला धरून ठेवतात आणि ते शरीरात बरंच कमी शोषलं जातं, म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांत जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळा असं सांगितलंय. घरात वयात येणारी मुलगी किंवा गरोदर बाई असेल तर हे आजपासूनच सुरू करा प्लीज. हिमोग्लोबिन कमी आलं असेल तर मात्र डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका, लिंबू त्यांच्या जोडीला.