डबीतली खाकी आणि बाकीची पापं: सैनिक रंगवताना या चुका टाळा

बेळगावात दिवाळीचे किल्ले करत वाढलेल्या माणसाला छोटे सैनिक रंगवायचा नाद लागला तर नवल नाही. पाचव्या वर्षी हातात मातीचा मावळा असतो, चाळिशीत त्याच्या जागी 54 मिलिमीटरचा शिपाई येतो, एवढंच. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर 1922 पासून आमच्याच गावात, म्हणजे गणवेश काही लांबची गोष्ट नाही. तरीही रविवारी माझ्याकडे आपापली कामं दाखवायला येणाऱ्या पोरांना मी दरवेळी तेच ऐकवतो. बोलून कंटाळलो, म्हणून आता लिहितो.

एकच खाकी सगळ्यांना

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः वीस वेळा एकदम केली आहे.

1941 च्या केरनच्या लढाईतले मराठे करायला घेतले होते. इरिट्रियातले ते उघडेबोडके डोंगर, त्यावर चढणारी पलटण. थर्माकोलचा डोंगर झकास जमला. मग ‘खाकी’ असं लिहिलेली एक डबी उघडली आणि वीसच्या वीस जणांना शर्ट, हाफ पँट, पट्टे, पाठीवरची पिशवी सगळं त्याच रंगाने लिंपलं. दोन संध्याकाळीत काम खलास. स्वतःवर बेहद्द खूश होतो.

शेजारचे काका सुभेदार म्हणून रिटायर झालेले. चहाला आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एकेक शिपाई उचलून बघितला आणि म्हणाले, “काय रे, डोंगरावर पोलीस बंदोबस्त लावलायस होय?”

मी वाद घातला. खाकी म्हणजे खाकी! काका काही बोलले नाहीत. “तुझ्या बाबांची ट्रंक आहे न्हवं? उघड बघू,” म्हणाले. बाबाही फौजेतलेच. ट्रंकेतून त्यांचा जुना ऑलिव्ह ग्रीन शर्ट निघाला. काकांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि छातीवरच्या खिशाची झडप उचलली. झडपेखालचं कापड शेवग्याच्या पाल्यासारखं गडद हिरवं होतं. झडप मात्र राखाडीकडे झुकलेली. खांद्यावर तर हिरवा नावालाच, मार्गशीर्षातल्या गवतासारखा. कॉलरच्या आतली बाजू आणखी वेगळी. एका शर्टावर मी चार रंग मोजले, आणि तो शर्ट एकाच थानातून शिवलेला.

“धोबी आणि ऊन,” काका म्हणाले. “डबीत हे दोघं नसतात.”

केरनचे वीसही शिपाई मी पुन्हा रंगवले. तेव्हापासूनची सवय सांगतो, पद्धत म्हणा हवं तर. मूळ खाकी एकच मिसळतो, पण तिचे तीन वाटे करतो. एका वाट्यात थोडा क्रीम, एकात थोडा तपकिरी, तिसरा तसाच. पाच-सहा शिपायांना शर्ट एका वाट्यातला आणि पँट दुसऱ्यातली, पुढच्यांना उलट. नवा भरती झालेला एखादा गडद ठेवायचा, जुना मुरलेला फिका. लोकरीचा स्वेटर, पायाला गुंडाळायची पट्टी, सुती हाफ पँट या तिन्ही गोष्टी एका रंगाच्या करायच्या नाहीत. लोकर आणि सूत रंग सारखा धरत नाहीत, हे आपल्याकडे कुठल्याही कापडवाल्याला विचारा.

खाकी हा शब्दच मुळी खाक, म्हणजे धूळ, यावरून आला. 1846 मध्ये पेशावरला उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीने हा रंग फौजेत आणला, तोही धुळीत मिसळून जावं म्हणून. आता मला सांगा, धूळ सगळीकडे एकाच रंगाची असते का? आमच्या खानापूरकडची लाल आणि गोकाककडची काळी माती एकाच जिल्ह्यात आहे.

आधी तारीख, मग रंग

परवा एकाने इटलीतले मराठे आणले. छान ऑलिव्ह ग्रीन. मी विचारलं, कुठल्या साली? “वर्ल्ड वॉर टू, सर.” म्हणजे 1939 ते 1945, वाळवंटापासून बर्माच्या जंगलापर्यंत, एकाच डबीत!

नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो 10 जुलै 1944 च्या कामगिरीसाठी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. जुलै म्हणजे इटलीतला उन्हाळा, सुती खाकीचे दिवस. त्याच इटलीत हिवाळ्यात जाड लोकरीचा बॅटलड्रेस, तो तपकिरीकडे झुकणारा. त्याच काळात बर्मात जंगल ग्रीन, आणि त्याच्याही आधी खाकीच हिरवी रंगवून वापरलेली. आपला ऑलिव्ह ग्रीन स्वातंत्र्यानंतरचा, 1971 चं युद्ध करणार असाल तर तो घ्या. आणि सध्याचा ठिपक्याठिपक्यांचा गणवेश 15 जानेवारी 2022 च्या आर्मी डेला पहिल्यांदा दिसला, तो घालून कारगिल चढवू नका. हसू नका, चढवलेला बघितलाय.

मोबाइलवरचा फोटो

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना कॉम्प्युटरने रंग भरलेले असतात आणि पोरं ते पुरावा म्हणून दाखवतात. तो रंग मशीनने अंदाजाने भरलेला असतो, तुमच्या अंदाजापेक्षा शहाणा नसतो. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या फोटोंत तर आणखी फसगत, कारण तेव्हाच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल काळपट यायचा, निळा फिका. त्या फोटोवरून पगडीचा रंग ठरवलात तर देव तुमचं भलं करो.

आता भराभर.

छोट्या आकृतीवर खरा रंग गडद दिसतो, म्हणून दहा थेंबांत एक थेंब क्रीम घालायचाच. पांढरा नको, पांढऱ्याने खाकी खडूसारखी होते. गडद करायला काळाही नको, गडद तपकिरी घ्या.

ॲक्रिलिक रंग वाळला की गडद होतो. आईस्क्रीमच्या काडीवर एक पट्टा ओढा, वाळू द्या, मग ठरवा. यात दहा मिनिटं जातात. दहा मिनिटं नसतील तर हा नाद तुमचा नव्हे.

रात्री पिवळ्या बल्बखाली मिसळलेला हिरवा सकाळी भलताच निघतो.

बूट कोळशासारखे काळे नकोत, धोतर दुधासारखं पांढरं नको.

मराठा लाइट इन्फंट्रीची बेरे टोपी गडद रायफल ग्रीन, वर्दीच्या हिरव्याशी तिचं नातं नाही. तुऱ्यात लाल आणि हिरवा, त्यात तिसरा रंग घालू नका.

कंपनी सरकारचे लाल डगले करत असाल तर साध्या शिपायाचा लाल विटेसारखा, साहेबाचा भडक. दोघांना एकच लाल दिला की साहेब ओळखू येत नाही.

आणि मावळे. त्यांना गणवेश नव्हता, हे एकदा पाठ करा. दर दिवाळीला बाजारातून आणलेले मावळे घरी पुन्हा फ्लुओरोसंट भगव्यात बुडवले जातात, वर एखाद्याला राणी कलरचा शेला. कारखान्यातला पहिला कृत्रिम रंग निघाला 1856 साली. त्याआधी नीळ, मंजिष्ठ, आळ, हळद, पळस अशा झाडापाल्याच्या रंगांतच भागवायचं, आणि गरिबाच्या अंगावर बहुतेक वेळा कोरं मांजरपाट आणि काळी घोंगडी. पंचवीस मावळ्यांत पंधरा मळकट कोरे करा, मग एखादाच लाल पागोट्याचा कसा उठून दिसतो बघा.

पावसाळ्यात वार्निश

रंग बरोबर जमवून शेवटी माती करायची असेल तर जुलैत मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या वार्निशचा स्प्रे मारा. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, चादर चार दिवस वाळत नाही. मी टायबरवाले बारा जण पूर्ण केले होते, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना दाखवायचे म्हणून घाई, बाहेर झड लागलेली. गच्चीच्या जिन्यात उभा राहून फवारलं. दहा मिनिटांत बाराही जणांवर पांढरी साय धरली. हवेतला दमटपणा वार्निशमध्ये अडकतो आणि असं होतं. जुलैतल्या इटलीत बर्फ!

उपाय एकच, आणि तोही दर वेळी लागू पडत नाही. कोरड्या दिवशी ब्रशने चकचकीत वार्निशचा हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग पुन्हा मॅट. मी नोव्हेंबरपर्यंत थांबलो. आठ जण परत माणसात आले. उरलेले चार तसेच आहेत, पुतण्याने त्यांना त्याच्या किल्ल्यावर नेऊन सियाचीनच्या ड्युटीला लावलंय.