समोरच्याचा चेहरा कसा वाचावा

चेहरा वाचण्याचा सराव रोज भेटणाऱ्या माणसापासून सुरू करावा, कारण मनात विशेष काही नसताना त्याचा चेहरा कसा असतो हे आधी ठाऊक असावे लागते. काहींच्या कपाळाला कायमच्या आठ्या असतात, काहींच्या ओठांची टोके मुळातच खाली झुकलेली असतात. त्यांना रागीट किंवा दुःखी ठरवणे ही नवशिक्याची हमखास चूक. पाहायचा असतो तो बदल, आणि तो नेमका कोणत्या शब्दानंतर झाला, हे.

ठाण्यात राम मारुती रस्त्यावरच्या साडीच्या दुकानात हे छान शिकता येते. (ठाणे-वाशी लोकलमध्येही येते, पण तिथे टक लावून पाहू नये.) मुरलेला विक्रेता किंमत सांगताना साडीकडे न पाहता गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहतो. ‘छान आहे’ म्हणतानाच ओठ क्षणभर घट्ट मिटले किंवा नाक किंचित मुरडले गेले, तर तो शब्दांवर विसंबत नाही.

हसू ओळखताना ओठ सोडून डोळे पाहावेत. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्ये दाखवले की, ओठांची टोके वर ओढणारा स्नायू मनात आणले की हलवता येतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू तितका सहज हुकमात राहत नाही. मनापासून हसताना गाल वर येतात, डोळे बारीक होतात आणि त्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. ही खूणही अचूक नाही, कारण सरावाने अनेकांना तीही साधते. म्हणून हसू कसे मावळते तेही पाहावे. उपचारापुरते हसू बहुधा एकदम पुसले जाते.

दाबलेली भावना कधीकधी अर्ध्या सेकंदाहूनही कमी काळ चेहऱ्यावर उमटून जाते. ती दिसली म्हणून माणूस खोटे बोलतो आहे, असा निष्कर्ष काढू नये; भावना दिसली तरी तिचे कारण दिसत नाही. किंबहुना एकच भाव एकाच भावनेचा असतो, हेही गृहीत धरू नये: रागावलेली माणसे शांत चेहऱ्याने बसतात आणि एकाग्र झालेली माणसे भुवया आक्रसतात.

म्हणून दिसलेल्या भावाला स्वतः नाव देऊ नये. ‘काकू, किंमत जास्त वाटली का?’ असे विचारले की गिऱ्हाईक अवघडते. ‘काकू, अजून दुसऱ्या दाखवू का?’ असे म्हणून विक्रेत्याने पुन्हा चेहऱ्याकडे पाहावे.