'बंद' शब्दापासून सुरुवात: ट्रॅक्शन सबस्टेशनवरच्या या चुका टाळा

30 डिसेंबर 2023 ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली, पुढे ती नांदेडपर्यंत आली. निजामाच्या काळात मीटरगेज पडलेल्या या मार्गावर आता डोक्यावरच्या तारेतून गाड्या धावतात. त्या तारेला वीज देणारी सबस्टेशनं मात्र पऱ्हाटी आणि सोयाबीनच्या रानात, गावापासून लांब उभी असतात. आयटीआय करून आपल्याकडची पोरं तिथं ड्यूटीला येत आहेत, आणि पहिल्या वर्षात सगळ्यांच्या चुका जवळजवळ सारख्याच होतात. म्हणून हे लिहितोय.

आधी रचना थोडक्यात. ग्रिडकडून 132 किंवा 220 केव्ही येतं. तीनपैकी दोनच फेज आपण घेतो आणि ट्रान्सफॉर्मरने उतरवून 25 केव्ही सिंगल फेज ओएचईला, म्हणजे रुळांवरच्या तारेला, देतो. शेजारच्या सबस्टेशनला फेजची दुसरी जोडी असते, म्हणजे ग्रिडवर भार सारखा पडतो. दोन सबस्टेशनच्या हद्दीवर सेक्शनिंग पोस्ट (स्विचिंगची छोटी चौकी) आणि न्यूट्रल सेक्शन (दोन पुरवठे वेगळे ठेवणारा तारेचा बिनविजेचा तुकडा) असतं. बरंचसं स्विचिंग आता डिव्हिजनचा ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलर, म्हणजे टीपीसी, स्काडावरून, म्हणजे लांबून संगणकावर, करतो. तरी यार्डात उभा असलेला माणूस आपणच असतो.

'बंद' म्हणजे नक्की काय?

घरी "पंखा बंद कर" म्हटलं की वीज तुटते. दार बंद केलं की मात्र फट मिटते, दोन्ही फळ्या जुळतात. ब्रेकर, म्हणजे चालू भार तोडणारा मोठा स्विच, 'क्लोज' होतो तो या दारासारखा: कॉन्टॅक्ट जुळतात आणि वीज सुरू होते. आता रात्री दोन वाजता कुणी फोनवर म्हणालं, "साहेब, आयसोलेटर बंद केला," तर त्यानं त्या ब्लेडच्या स्विचचं नेमकं काय केलं? नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेचा. फोनच्या त्या टोकाला तेलुगू माणूस असतो, या टोकाला मराठी, मधे हिंदी. हिंदीतलं 'बंद'ही तितकंच दुटप्पी. एकाला वाटतं तार मेली, दुसऱ्याला वाटतं चालू झाली.

माझ्या डोळ्यांदेखत एका पोस्टवर या एका शब्दावरून शिडी तारेला लागता लागता राहिली. त्या दिवसापासून माझ्या शिफ्टमध्ये हा शब्द कुणी उच्चारलेला मला चालत नाही. 'ओपन' आणि 'क्लोज' एवढेच दोन शब्द, सोबत उपकरणाचा पूर्ण नंबर. समोरच्यानं सांगितलेलं आपण जसंच्या तसं परत म्हणायचं, प्रायव्हेट नंबर (निरोप पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेला आकडा) घ्यायचा, वहीत वेळेसकट लिहायचा आणि मगच हँडलला हात लावायचा. नवीन पोरांना हे पोपटपंची वाटतं. मला नाही वाटत.

याच्याच जोडीची चूक म्हणजे पॅनलवरच्या दिव्यावर विश्वास ठेवणं. दिवा लागतो तो ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवर, म्हणजे सोबतच्या छोट्या स्विचवर, ब्लेडवर नाही. 132 च्या आयसोलेटरला दोन पोल असतात. एक पूर्ण उघडतो, दुसरा धुळीनं अडकून अर्ध्यात राहतो, आणि पॅनल 'ओपन' दाखवतं. यार्डात जा, दोन्ही ब्लेड डोळ्यांनी बघा, रात्री असेल तर टॉर्च मारून बघा.

क्रमही चुकवू नका. आयसोलेटर भार तोडण्यासाठी बनवलेला नसतो. आधी ब्रेकर ओपन, मग आयसोलेटर, मग अर्थ, म्हणजे जमिनीला जोडणी. परत चालू करताना आधी अर्थ काढायचा, मग आयसोलेटर क्लोज, ब्रेकर सगळ्यात शेवटी. चुकीचा क्रम अडवणारा इंटरलॉक आडवा येत असेल तर तो आपला जीव वाचवतोय. त्याला पाचर ठोकून गप्प करू नका.

फीडर उडाला की आधी पेन घ्या

फीडर, म्हणजे तारेला वीज देणारी लाइन, ट्रिप होऊन घंटी वाजली की नव्या माणसाचा हात थेट रिसेटच्या बटणावर जातो. आवाज बंद करायची घाई असते. पण फॉल्ट ओळखणाऱ्या रिलेवरचा फ्लॅग किंवा एलईडी रिसेट केला की फॉल्टची साक्षच पुसली जाते. आधी वेळ लिहा, कुठला रिले उचलला ते लिहा, डिस्टन्स रिलेनं किलोमीटर दाखवला असेल तो लिहा. त्या एका आकड्यावर ओएचईची टॉवर वॅगन (तार दुरुस्त करणारी गाडी) कुठं न्यायची ते ठरतं. आकडा नसेल तर गँगला अख्खा सेक्शन तपासत फिरावं लागतं आणि गाड्या जागीच उभ्या राहतात.

वळवाच्या दिवसांत एक गोष्ट लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये वादळ सुटलं की शेतातला मल्चिंग पेपर उडून तारेवर अडकतो. फीडर उडतो, ऑटो-रिक्लोजर आपोआप ब्रेकर एकदा परत घेतो, पुन्हा उडतो. अशा वेळी "अजून एकदा घेऊन बघू" म्हणत टीपीसीला न विचारता ब्रेकर मारत बसू नका. प्रत्येक वेळी तो फॉल्ट करंट आपल्या ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला हिसका देतो.

डिफरेन्शियल किंवा बुकोल्झ रिलेवर ट्रान्सफॉर्मर ट्रिप झाला तर विषय वेगळा. ते दुखणं तारेवरचं नसून टाकीच्या आतलं असण्याची शक्यता असते. सुपरवायझर येऊन तपासणी होईपर्यंत त्याला कुणी कितीही घाई केली तरी चार्ज करायचं नाही.

बॅटरीच्या खोलीकडे दुर्लक्ष

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही आहे, आणि तिची चर्चा सगळ्यात कमी होते. रिले कितीही चांगला असो, ब्रेकरची ट्रिप कॉइल, म्हणजे त्याला उघडणारी कॉइल, 110 व्होल्ट डीसीवर चालते. ते डीसी देणारे 55 सेल एका कोपऱ्यातल्या खोलीत असतात. ते मेले तर रिले ओरडतो आणि ब्रेकर जागचा हलत नाही.

हे मी अनुभवलंय. मीटर रोज 118 व्होल्ट दाखवत होतं आणि आम्ही तोच आकडा रोज वहीत उतरवत होतो. तो आकडा चार्जरचा होता. ज्या दिवशी चार्जर गेला त्याच दिवशी ओएचईवर फॉल्ट आला. आमचा ब्रेकर उघडलाच नाही, शेवटी ग्रिडच्या बाजूनं पुरवठा तुटला आणि सगळा सेक्शन अंधारात गेला. तेव्हापासून ठरलेल्या दिवशी परवानगी घेऊन चार्जर ऑफ करायचा, डीसी भारावर प्रत्येक सेल मोजायचा आणि हायड्रोमीटर लावून आम्लाची घनता बघायची. 1.85 व्होल्टच्या खाली उतरलेला सेल वहीत लाल शाईनं.

आपल्या भागाची खास चूक पाण्याची. उन्हाळ्यात सेलमधलं पाणी लवकर आटतं, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन यायला उशीर होतो, आणि कुणीतरी पिण्याच्या जारचं पाणी ओततो. "फिल्टरचंच आहे की" म्हणतात. जारच्या पाण्यात क्षार उरतातच, बोअरच्या पाण्याचं तर बोलायलाच नको. ते एकदा प्लेटवर बसले की सेल परत पहिल्यासारखा होत नाही. कॅन संपायच्या आधीच मागणी टाका.

काळी माती आणि अर्थपिट

सबस्टेशनच्या अर्थिंगचा एकत्रित रोध 0.5 ओहमच्या आत हवा, सेक्शनिंग पोस्टवर 2 ओहमच्या आत. आपली काळी माती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. इलेक्ट्रोडभोवती हवा शिरते आणि रोध वाढतो. ऑगस्टमधलं रीडिंग फसवं असतं, मोजायचं ते मे महिन्यात. पिटमध्ये पाणी घालणं टँकरच्या दिवसांत जिवावर येतं, हे मला कळतं. तरी घाला, हात धुतलेलं पाणी तिकडे वळवा, पण पिट कोरडा ठेवू नका.

ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधली, हवेतला ओलावा शोषणारी सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली की लगेच बदला. केबल ट्रेंचची झाकणं नीट बसवा. पहिल्या पावसात साप आणि पाली पॅनलमध्ये शिरतात.

सेक्शनिंग पोस्टवर ड्यूटी असेल तर ब्रिजिंग इंटरप्टरला, म्हणजे दोन्ही बाजू जोडणाऱ्या स्विचला, फार जपा. दोन्हीकडची सबस्टेशनं चालू असताना तो क्लोज झाला तर वेगवेगळ्या फेज एकमेकींना भिडतात, मधलं व्होल्टेज 43 केव्हीपर्यंत जातं. शेजारच्याचा पुरवठा गेला म्हणून आपला वाढवून द्यायचा असेल, तर त्याचा ब्रेकर ओपन असल्याची खात्री टीपीसीनं सांगितल्यावरच.

परमिट परत घेताना

ब्लॉक (कामासाठी वीज आणि गाड्या थांबवलेली वेळ) घेऊन काम सुरू झालं की मेलेली तारही जिवंत समजायची. परभणी-मुदखेडसारख्या दुहेरी मार्गावर शेजारची चालू लाइन हिच्यात वीज उतरवते, म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड (तारेतली वीज जमिनीत उतरवणारे दांडे) लागतात. रॉड लावताना आधी क्लॅम्प रुळाला किंवा अर्थला, मग हुक तारेला. काढताना उलट. यार्डात 25 केव्हीच्या चालू भागापासून किमान 2 मीटर अंतर, 132-220 च्या बाजूला त्याहून जास्त, आणि लोखंडी पाइप किंवा शिडी न्यायची ती आडवीच, दोघांनी धरून.

काम संपलं की सगळ्यांना घरची ओढ लागते, आणि रॉड तारेवरच राहतो तो इथंच. मी परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, देताना किती रॉड नेले ते त्याच कागदावर आकड्यात लिहून घेतो. परत येताना ते भिंतीला ओळीनं उभे करायला लावतो आणि स्वतः मोजतो. सहा गेले असतील आणि पाच दिसले, तर टीपीसीचा फोन कितीही वाजू दे, सहावा भिंतीला लागेपर्यंत मी परमिटवर सही करत नाही.