लघवीतून संयुगं काढताना चुंबकी नॅनोकणांना दोष देण्याआधी या चुका टाळा

या पद्धतीत लघवीत चुंबकी नॅनोकण घालतात, हवं ते संयुग त्यांना चिकटतं, मग चुंबकाने कण ओढून घेऊन ते संयुग सोडवतात. डिसेंबरात निफाडकडून भल्या सकाळी आलेली नमुन्याची बाटली उजेडात धरून पाहा. तळाशी विटकरी गाळ दिसतो, तो बहुतेक वेळा युरेटचा, म्हणजे युरिक आम्लाच्या क्षारांचा. आमच्या नाशिकच्या लॅबमध्ये मुलं वरची नितळ लघवी पिपेटने उचलायची आणि रिकव्हरी, म्हणजे हाती लागलेल्या संयुगाचं प्रमाण, घसरली की नव्याने कण बनवायला बसायची. आपल्याला हवं ते संयुग त्या गाळाबरोबर खाली बसलेलं असू शकतं. बाटली ३७ अंशांच्या पाण्यात ठेवा, हलवा, गाळ विरघळला की मगच सेंट्रिफ्यूज करा.

दुसरी चूक पीएचची, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी. बोरोनिक आम्ल बसवलेले कण डोपामिनसारख्या संयुगांना साधारण ८.५ पीएचला धरतात आणि आम्लात सोडतात. पण अशा तपासणीचा नमुना टिकावा म्हणून त्यात आधीच आम्ल घातलेलं असतं. ठरलेला बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, ओतला तरी पीएच वर चढत नाही. बफर घातल्यावर पुन्हा मीटर बुडवा. पीएच जमला की रेंगाळू नका, अल्कलीत डोपामिनचं ऑक्सिडेशन लवकर होतं. नमुना मधुमेह्याचा असेल तर लघवीतली साखरही त्याच जागांसाठी धडपडते, तिथे कण थोडे जास्त घ्या.

कणांवरून संयुग आम्लात सोडवून घेतल्यावरचा द्रव पिवळसर दिसला तर थांबा. बहुधा कणांच्या आतलं मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकी लोह ऑक्साइड, आम्लात विरघळून लोह उतरलंय, म्हणजे त्यावरचं सिलिकाचं आवरण नीट बसलेलं नाही.

कण ओव्हनमध्ये कडक वाळवू नका. एकदा गुठळ्या झाल्या की ध्वनिलहरींनी हलवणारा सोनिकेटरही त्या पूर्ण फोडत नाही. इथेनॉलमध्ये ओलेच ठेवा. ढवळायला मॅग्नेटिक स्टरर तर नकोच, सगळे कण त्या पांढऱ्या कांडीला जाऊन बिलगतात. नळी गोल फिरवणारा रोटेटर वापरा.

कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून मोजमाप ठरवणं, साध्या पाण्यात करून आकडे लघवीला लावू नका. लघवीतले क्षार, युरिया, फॉस्फेट पाण्यात नसतात, आणि उघड्या लोह ऑक्साइडला फॉस्फेट घट्ट चिकटतं. माहीत प्रमाणाचं ते द्रावण लघवीतच मिसळा, कण घालण्याआधी.

चुंबक लावल्यावर द्रव गढूळच राहिला तर तो घाईने ओतून टाकू नका. फार बारीक कण सावकाश ओढले जातात. निओडिमियमचा चुंबक नळीला अगदी टेकवून धरा आणि आणखी काही मिनिटं द्या.