'स्वतःला रिक्त केले': केनोओ हे ग्रीक क्रियापद असं अभ्यासा

बायबलच्या नव्या करारातल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडा आणि सातव्या वचनावर या. ख्रिस्ताने 'स्वतःला रिक्त केले'. अभ्यासवर्गात हे वचन निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रिक्त केलं ते कशापासून? देवत्वापासून, की सामर्थ्यापासून? प्रश्न चांगला आहे, पण त्याची वेळ अजून आलेली नाही. वहीच्या समासात तो लिहून ठेवा आणि आधी क्रियापदाकडे बघा.

क्रियापद केनोओ, म्हणजे 'रिकामं करणं'. वचनातलं रूप एकेनोसेन, म्हणजे साधा भूतकाळ, कर्तरी, तृतीयपुरुषी एकवचन. त्याच्याआधी हेआउटोन, म्हणजे 'स्वतःला'. ग्रीकमध्ये क्रियापदातच कर्ता असतो आणि शब्दांचा क्रम बराच मोकळा असतो, तेव्हा 'स्वतःला' हा शब्द क्रियापदाच्या पुढे काढून ठेवलाय याची नोंद घ्या. त्याच्यावर कोणी जबरदस्ती केली नाही, त्याच्याकडून कोणी काही हिरावलं नाही. कर्ता तोच आणि कर्मही तोच.

आता हेच क्रियापद नव्या करारात आणखी कुठे येतं ते काढा. एकूण पाच ठिकाणं आहेत आणि पाचही पौलाच्याच पत्रांत. फिलिप्पै सोडून उरलेली चार वहीत उतरवा. रोमकरांस ४:१४ मध्ये नियमशास्त्रावर वारसा ठरला तर विश्वास पोकळ ठरतो. १ करिंथकरांस १:१७ मध्ये वाक्चातुर्याने सुवार्ता सांगितली तर वधस्तंभ व्यर्थ होईल, ही भीती आहे. १ करिंथकरांस ९:१५ आणि २ करिंथकरांस ९:३ या दोन्ही ठिकाणी पौलाचा अभिमान फोल ठरण्याची गोष्ट आहे. या चारही ठिकाणी भांड्यातून काही ओतल्याचा अर्थ नाही. एखाद्या गोष्टीचं वजन जाणं, ती निष्फळ ठरणं, असा अर्थ आहे. आणि चारही ठिकाणी पौलाला ते घडायला नको आहे! फिलिप्पैतच तेवढं हे क्रियापद स्तुतीच्या सुरात येतं, आणि तिथेच त्याचं कर्म एक व्यक्ती आहे.

जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातही डोकवा. यिर्मया १४:२ मध्ये दुष्काळात यहूदाच्या वेशी ओस पडतात, १५:९ मध्ये सात मुलांची आई गळून जाते. दोन्हीकडे केनोओच आहे. इथे एक सावधगिरी सांगते. यशया ५३:१२ मधल्या 'त्याने आपला प्राण मरणासाठी ओतला' या ओळीशी आपलं वचन जोडायचा मोह फार होतो. मूळ इब्री ओळीशी नातं असू शकेल, आणि काही अभ्यासकांनी ते मांडलंही आहे. पण तिथल्या ग्रीक भाषांतरात केनोओ नाही. म्हणून हा दुवा पुरावा म्हणून वापरू नका.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि तिथे मराठी वाचकाला हातातच एक साधन मिळालेलं आहे. एकेनोसेनच्या लगेच पुढे लाबोन येतं, म्हणजे 'घेऊन': दासाचं स्वरूप घेऊन. मराठीतलं '-ऊन' दोन कामं करतं. 'तो जेवून निघाला' यात आधी जेवण, मग निघणं. 'तो हसून बोलला' यात आधी-नंतर नाही. बोलणं कसं होतं ते 'हसून' सांगतं. फिलिप्पै २:७ मधलं 'घेऊन' मी या दुसऱ्या प्रकारात धरते. ते मुख्य क्रियापदामागून येतं आणि रिक्त करणं कसं घडलं ते उलगडतं: दासाचं स्वरूप घेऊन, माणसासारखा होऊन. पौलाने इथे काढून टाकलेल्या वस्तूंची यादी दिलेलीच नाही. जे स्वीकारलं त्याचंच वर्णन केलं आहे.

आता समासातला प्रश्न घ्या. 'कशापासून' याचं उत्तर वाक्यात नाही, आणि ते बाहेरून आणून भरलं की अडचणी सुरू होतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत गॉटफ्रीड थोमासियस यांनी मांडलं की देहधारणेत, म्हणजे माणूस होताना, पुत्राने (ख्रिस्ताने) सर्वसमर्थता, सर्वज्ञता आणि सर्वव्यापकता बाजूला ठेवली, पण प्रेम आणि पवित्रता राखली. येशूचं माणूसपण खरं मानायची त्यामागची तळमळ मला आदराची वाटते. पण ही विभागणी या क्रियापदातून निघत नाही. इ.स. ४५१ च्या खाल्कदोन इथल्या चर्चच्या परिषदेने ख्रिस्ताच्या ठायी देवपण आणि माणूसपण दोन्ही पूर्ण आहेत असं म्हटलं, आणि सातवं वचन त्याच्या आड येत नाही.

सहाव्या वचनातल्या 'देवाच्या स्वरूपाचा असूनही' इथे पेन्सिलने खूण करा. मूळ ग्रीकमध्ये फक्त 'असणारा' आहे. 'असूनही' वाचायचं की 'असल्यामुळे', हे वाचकाने संदर्भावरून ठरवायचं. 'असल्यामुळे' वाचलं, तर दास होणं हे देवाच्या स्वभावाविरुद्ध न जाता त्या स्वभावातूनच येतं. माझा कल तिकडे आहे. तुम्ही दोन्ही वाचून बघा, घाई करू नका.

मग अध्यायात याच घराण्यातले शब्द शोधा. तिसऱ्या वचनात केनोडोक्सिया, म्हणजे पोकळ मोठेपणा, जो करू नका असं पौल बजावतो. सोळाव्या वचनात 'आपलं धावणं व्यर्थ गेलं नाही' यासाठी केनोस, म्हणजे 'रिकामा'; केनोओ याच शब्दाशी जोडलेलं आहे. पोकळ मान मिरवणाऱ्यांसमोर स्वतःला रिक्त करणारा ख्रिस्त उभा केला आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती, तिथे नागरिकत्वाचा दिमाख होता. प्रेषितांची कृत्ये १६ वाचलं की तो जाणवतो. अशा गावात 'दास' हा शब्द आणि आठव्या वचनातलं 'वधस्तंभावरचं मरण' कानांवर पडलं, तेव्हा ऐकणारे चपापले असणार. ही शिक्षा प्रामुख्याने दासांची आणि बंडखोरांची होती.

शेवटी तुमचं स्वतःचं भाषांतर वहीत लिहा. 'रिक्त केले' ठेवायला हरकत नाही, फक्त पुढचं 'घेऊन' त्याच वाक्यात राहू द्या, मध्ये पूर्णविराम नको. ते २ करिंथकरांस ८:९ शेजारी ठेवून तपासा. तिथे क्रियापद वेगळं आहे, पण चाल तीच: धनवान असून तो तुमच्याकरता दरिद्री झाला. आणि त्या अध्यायाचा विषय आहे यरुशलेमेतल्या गरजू बांधवांसाठी जमवायची वर्गणी, तेव्हा आठव्या अध्यायाची पहिली पंधरा वचनं सलग वाचा.