52 पुस्तकांचा चॅलेंज घेताय? या चुका तरी टाळा बापा

दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी आमच्या गावच्या वाचनालयात चार-पाच पोरं येतात, यंदा वर्षभरात 52 वाचणार म्हणतात आणि संक्रांतीपर्यंत त्यांचं पहिलंच पुस्तक उशीखाली पडलेलं असतं. मी हसत नाही, कारण 2023 ला मी स्वतः हेच केलं होतं आणि फजिती त्यांच्यापेक्षा मोठी करून घेतली होती.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आकडा आधी ठरवणं. 52 कुठून आला, तर वर्षाचे आठवडे 52. अरे पण तुमचे सगळे आठवडे सारखे असतात का? इथं जून लागला की पेरणी, मग डवरणी-निंदण, सप्टेंबर संपता संपता सोयाबीनची सोंगणी, थ्रेशरवाल्याच्या मागं मागं फिरणं, ते होत नाही तर सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून कापसाची वेचणी सुरू, त्यात हरभऱ्याची जागल, म्हणजे रात्रीची राखण. लोकलमध्ये रोज तासभर बसून वाचणाऱ्याचा हिशोब आपल्या धुऱ्यावर चालत नाही.

माझी जूनपर्यंत 24 झाली होती, मी खुश. सोयाबीनच्या महिन्यात एकही नाही. ऑक्टोबर संपला तेव्हा 27. मग जी घाई सुटली ना! कपाटापुढं उभा राहून नाव नाही, लेखक नाही, फक्त जाडी बघायचो, बोटापेक्षा जाड दिसलं की हातच लावायचा नाही, बालवाङ्मयाच्या खणापर्यंत जाऊन आलो. डिसेंबरात असाच एक कथासंग्रह दोन रात्रीत उडवला, वहीत 49 नंबर टाकला आणि परत करायला गेलो. ग्रंथपाल काकांनी मागच्या पुठ्ठ्याच्या खिशातून कार्ड ओढलं तर सोबत एसटीचं तिकीट निघालं, शाई उडत आलेली पण फेब्रुवारीची तारीख दिसत होती. मी म्हटलं, कोणाचं राहिलं बा हे? काकांनी चष्मा वर करून कार्ड वाचलं आणि म्हणाले, "अबे, हे तं तूच नेलं होतं फेब्रुवारीत." वही काढली, 6 नंबरला तेच पुस्तक. दोन रात्री वाचलं आणि एकाही पानावर मला वाटलं नाही की हे आपण आधी वाचलंय. काका म्हणे, "आता तिसऱ्यांदा ने, मंग ध्यानात राहीन."

तेव्हापासून मी एकच करतो, पुस्तक संपलं की वहीत दोन ओळी लिहितो, काय डोक्यात राहिलं आणि कोणाला सांगावंसं वाटलं. दोन ओळी सुचल्या नाहीत तर नंबर टाकत नाही. यंदाचा आकडा 18, त्यातली 10 एप्रिल-मेमध्येच उरकतो कारण उन्हात दुपारी दुसरं करणार काय.

आणि पातळ म्हणजे सोपं हे डोक्यातून काढा. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' 1939 ची, एका बैठकीत संपेल एवढी छोटी, पण नंतर आठवडाभर मला दुसरं काही हातात घ्यावंसं वाटलं नाही. उलट तुकडोजी महाराजांची ग्रामगीता बघा, 41 अध्याय. आठवड्याला एक धरला तरी 41 आठवडे, उरलेले 11 पेरणी-सोंगणीला मोकळे. म्हणजे वर्ष मस्त भरलं, आणि चॅलेंजच्या हिशोबात पुस्तक किती? एक!

दुसऱ्याची यादी उचलू नका. ही माझी दुसरी चीड. माझ्या भाच्यानं रील बघून दहाची यादी केली, सगळी पहाटे उठा आणि श्रीमंत व्हा छापाची. अबे, गाई-म्हशीवाले लोक आपण, पहाटे उठतोच की, श्रीमंत कोण झालं? दुसऱ्याच पुस्तकात पोरगं बसलं. मग मी त्याला 'बारोमास' दिलं, सदानंद देशमुखांचं, आपल्या बुलढाण्याकडचे, याच कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी मिळाला. शिकून नोकरी न लागलेल्या शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट. पुस्तक चांगलं जाडजूड, तरी पठ्ठ्या जागलीवर बॅटरीच्या उजेडात वाचत बसला, आणि तिकडून रोही, म्हणजे नीलगाई, येऊन हरभऱ्याच्या पाच-सहा ओळी साफ करून गेले. बहिणीनं फोन करून मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण भाचा म्हणे, "मामा, हे तं आपल्याच घरातलं हाय."

निवडायची माझी पद्धत म्हणाल तर कपाटापाशी उभं राहून मधलंच कुठलंतरी पान उघडायचं आणि दहा पानं वाचायची. पहिलं पान नाही, ते सगळेच लेखक घासूनपुसून लिहितात. पाय दुखले तरी खाली ठेवावंसं वाटलं नाही, तर ते न्यायचं.

बाकीच्या चुका पटपट सांगतो. न आवडलेलं पुस्तक ओढत बसू नका, पन्नास पानं द्या आणि सोडा, लेखक काही घरी विचारायला येत नाही. दहा मिनिटांचा सारांश ऐकून "वाचलं" म्हणणारे तर माझ्यासमोर बोलूच नका, लग्नाचा अल्बम बघून पोट भरल्यासारखं आहे ते. ग्रुपवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफ घेऊ नका, आणि तशाही त्या कोणी उघडत नाही. थप्पी विकत घेऊन सुरुवात करू नका, वर्ध्याला फेब्रुवारी 2023 मध्ये साहित्य संमेलन झालं तिथून मी 14 आणली होती, त्यातल्या पाचांना उधई म्हणजे वाळवी लागली, न वाचता.

आणि वाचनालयात जायचं तर सकाळीच जा, दुपारी काका जेवायला गेले की चार वाजेपर्यंत काही येत नाहीत.